कातडीचा तुकडा वाचायला शिकायचंय?

गेल्या वर्षी काउन्सेलिंगच्या दुसऱ्या फेरीच्या रात्री पावणेबाराला भाचीचा फोन आला. "मावशी, स्किन काही मिळत नाहीये. पॅथॉलॉजी मिळतंय. घेऊ, की अजून एक वर्ष बसू?" आवाज रडवेला. नीट-पीजीच्या, म्हणजे एमडीच्या प्रवेश परीक्षेच्या, यादीत स्किनच्या (त्वचारोगाच्या) जागा वरच्या वर उडतात आणि पॅथॉलॉजीच्या (तुकडे, रक्त तपासून आजार ओळखण्याच्या शाखेच्या) उरतात, हे आमच्या वेळीही असंच होतं. म्हटलं, घे पॅथॉलॉजी, आणि स्किनही सोडू नकोस. या दोन खात्यांच्या मधे एक खोली आहे, मी गेली एकोणीस वर्षं तिथेच बसते.

त्या खोलीचं नाव डर्मॅटोपॅथॉलॉजी. आम्ही नुसतं डर्मपॅथ म्हणतो. त्वचारोगतज्ज्ञ पेशंटच्या अंगावरून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, तो मेणात बसवून, चार-पाच मायक्रॉनच्या चकत्या कापून, रंगवून काचेवर आला की हा चट्टा नेमका कशाचा ते आम्ही सांगायचं. पेशंटला आमचं तोंड सहसा दिसत नाही. माझ्या सासूबाई अजूनही सोसायटीत सांगतात, "सून रक्त तपासते." मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.

भाचीशी त्या रात्री तासभर बोलले. नंतर तिच्या दोन मैत्रिणींनी तेच विचारलं, म्हणून आता लिहूनच काढते.

दार कुठलं

एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षांची एमडी नाहीतर तिच्या बरोबरीची डीएनबी. आपल्याकडे डर्मपॅथची वेगळी एमडी नाही. त्यामुळे आत शिरायला दारं दोनच, पॅथॉलॉजी किंवा स्किन. स्किनच्या पदवीचं पूर्ण नाव त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असं आहे. त्यातला शेवटचा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजात शिकलात तर बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सेवेचं, वर्षही हिशेबात धरा.

पॅथॉलॉजीकडून आलेल्या माणसाला लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग) कळतो, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचे मार्कर, म्हणजे पेशींची जात ओळखायचे खास रंग, कुठे वापरायचे आणि कुठे पैसे फुकट जातात ते कळतं. पण 'पॅप्यूल' (बारीक उंचवटा) हा शब्द त्यानं पुस्तकात वाचलेला असतो, बोटाखाली चाचपलेला नसतो. स्किनकडून आलेल्याचं उलटं. तो दारातून आत येणाऱ्या पेशंटकडे बघून सोरायसिस म्हणेल, पण काचेवर जरा वेड्यावाकड्या लिम्फोसाइट दिसल्या की घाबरेल. कुठलं दार चांगलं यावर आमच्या लोकांत जेवणाच्या सुट्टीत भांडणं होतात. माझं मत विचाराल तर शक्य असेल तिथे पॅथॉलॉजी. कारण ओपीडी मागून मिळते, ग्रॉसिंगचं टेबल, जिथे आलेले नमुने डोळ्यांनी तपासून कापतात, ते मागून कोणी देत नाही. अर्थात मी पॅथॉलॉजीवाली आहे, तेव्हा हे मत जरा जपूनच घ्या.

गुरुवारची सकाळ

पॅथॉलॉजी घेतलंत तर पहिल्या सहा महिन्यांत विभागप्रमुखांकडे जा आणि आठवड्यातली एक सकाळ स्किन ओपीडीसाठी मागा. नाही म्हणतील. पुन्हा मागा. मी ब्लड बँकेच्या दोन जादा नाइट अंगावर घेतल्या आणि गुरुवारची सकाळ मिळवली. केईएम, सायन, नायर, जेजे, कुठेही असा, मुंबईतल्या या ओपीडीत पेशंटची कमी नाही. तुम्हाला बसायला स्टूल मिळेल याची मात्र खात्री नाही.

तिथे औषधं शिकायला जायचं नाही. हात लावायला जायचं. चट्टा उंच आहे की सपाट, कड ठसठशीत आहे की विरत जाते, दोन्ही बाजूंना सारखा आहे का, खाजतो का, किती दिवसांचा. पेशंटची परवानगी घेऊन खिडकीच्या उजेडात फोटो काढा. ट्यूबलाइटखाली सगळ्यांचीच कातडी आजारी दिसते. बायोप्सी होत असेल तर नेमकी जागा कुठली निवडली ते बघा. खाजवून सोललेलं टोक घेतलं तर काचेवर खाजवणंच दिसणार. पायाच्या नडगीवरचा तुकडा घेतला तर तिथल्या रक्तवाहिन्यांचे आपलेच उद्योग मधे येणार. पाण्याचा फोड असेल तर नवा आणि कडेसकट हवा. चरबीतला आजार असेल तर बारका पंच (तुकडा काढायची गोल सुरी) पुरत नाही, खोल कापून घ्यावं लागतं. केस गळतायत तर चार मिलिमीटरचे दोन तुकडे, एक उभा कापायला आणि एक आडवा, दोन्ही चरबीपर्यंत पोचलेले.

आणि दुपारी त्याच पेशंटचा तुकडा लॅबमध्ये आला की त्याच्या मागे मागे जा. पाचसहा दिवसांनी स्लाइड आली की तो चेहरा आठवला पाहिजे.

हे मी इतकं ठासून का सांगते त्याला कारण आहे. कन्सल्टंट म्हणून माझं पहिलंच वर्ष. नाव घेत नाही त्या एका ठिकाणी ट्रेमध्ये एक स्लाइड आली. फॉर्मवर वय २४, 'उजवा हात, फिकट चट्टा', खाली प्रश्नचिन्ह, बस. स्लाइडमध्ये रक्तवाहिन्यांभोवती थोड्या लिम्फोसाइट, बाकी सगळं शांत. मी 'नॉन-स्पेसिफिक क्रॉनिक डर्मटायटिस', म्हणजे नेमकं कारण न सांगता येणारा जुनाट दाह, असं लिहून सही केली आणि ५.४० ची गाडी पकडली. आठ महिन्यांनी तीच स्लाइड दुसरीकडून परत बघायला आली. मुलाची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट वाकायला लागलं होतं. या वेळी मी कोपरा बघितला. स्लाइडच्या अगदी खालच्या कोपऱ्यात एक बारीकशी नर्व्ह (संवेदना नेणारी नस) होती आणि त्या लिम्फोसाइट तिच्याभोवती जमून आत शिरलेल्या होत्या. आठ महिन्यांपूर्वीही त्या तिथेच होत्या. मी त्याला भेटायला गेले. डोळे मिटायला सांगून कापसाची वात चट्ट्यावर फिरवली. त्याला काही कळलं नाही. कोपराच्या मागे नर्व्ह दोरीसारखी लागत होती. कुष्ठरोग. एक फोन करून "चट्ट्याला संवेदना आहे का?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

तेव्हापासून 'नॉन-स्पेसिफिक' हा शब्द मी फोन केल्याशिवाय लिहीत नाही.

कुष्ठरोग संपलेला नाही

२००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झालं असं जाहीर झालं. त्याचा अर्थ दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. पण 'निर्मूलन' शब्द ऐकून नवी पिढी तो आजार यादीत शेवटी टाकते. मुंबईत शिकून ही चूक करणं म्हणजे कोळीवाड्यात राहून मासे न ओळखण्यासारखं आहे. वडाळ्याचं ॲकवर्थ हॉस्पिटल १८९० सालचं, फक्त या एका आजारासाठी उभारलेलं. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळा ज्यांनी उभ्या केल्या ते डॉ. वसंत रामजी खानोलकर कर्करोगाइतकेच कुष्ठरोगातही रमलेले होते. आपल्या पायाखाली हे सगळं आहे. रेसिडेन्सीत असताना ओळख काढून ॲकवर्थला एक दिवस तरी जाऊन या.

काचेवर शिकायचं ते असं. डॉ. हॅन्सननं १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू दाखवला, आणि रिडली-जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये आजाराची जी पट्टी मांडली ती अजून आम्ही वापरतो. एका टोकाला ट्यूबरक्युलॉइड. शरीर लढतंय, नर्व्हच्या वाटेनं लांबट ग्रॅन्युलोमा (लढणाऱ्या पेशींचे गठ्ठे), जंतू शोधून सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला लेप्रोमॅटस. शरीरानं हात टेकलेत, फेसाळ पेशींचे थरच्या थर, त्यांच्यात जंतू ठासून भरलेले, आणि वरच्या पापुद्र्याखाली एक मोकळी पट्टी. बहुतेक पेशंट या दोहोंच्या मधे कुठेतरी असतात आणि खरी मारामारी तिथेच. स्टेन, म्हणजे जंतू दाखवणारा रंग, फाइट-फॅराकोच मागवा. टीबीसाठीच्या नेहमीच्या झील-नील्सनमध्ये वीस टक्के सल्फ्युरिक ॲसिडनं रंग उतरवतात, त्यात हे नाजूक जंतू फिके पडून निसटतात. फाइटमध्ये ॲसिड पाच टक्के असतं आणि मेण काढतानाच तेल घालून जंतूचं कवच सांभाळलेलं असतं. मग ऑइल इमर्शन (तेलाच्या थेंबातून बघायची सगळ्यांत मोठी लेन्स) लावून बसा. घाई नको. प्रत्येक चकतीतली प्रत्येक नर्व्ह शोधायची, कोपऱ्यातलीसुद्धा.

मुंबईचा दुसरा आजार म्हणजे बिघडवलेला नायटा. घामट हवा, घट्ट जीन्स, लोकलची गर्दी, आणि केमिस्टकडून आणलेली तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब. त्यातल्या स्टिरॉइडनं खाज थांबते, बुरशी मात्र मजेत पसरते. चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की फॉर्मवर सोरायसिसपासून ल्युपसपर्यंत काहीही लिहून येतं. वरच्या शिंगी थरात जाळीदार भाग आणि घट्ट भाग एकावर एक सँडविचसारखे दिसले, किंवा तिथे दोन-चार न्यूट्रोफिल (जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसल्या, की पीएएस हा रंग मागवा. बुरशीचे धागे गडद गुलाबी होऊन समोर येतात. आणि परत तेच, फोन करून विचारा, "काही लावत होता का?" पेशंट डॉक्टरांना "काही नाही" सांगतो. ओपीडीतल्या मावशींना ट्यूबचं नावही माहीत असतं.

टेक्निशियनच्या शेजारी बसा

पहिल्या वर्षी रेसिडेंटना वाटतं की खरं काम मायक्रोस्कोपवर आहे. तसं नाही. तुकडा मेणात उभा बसला नाही, जरा कलला, की चकती तिरपी कापली जाते आणि साधी निरोगी त्वचासुद्धा जाड, खोल मुळं सोडलेली दिसते. अशा तिरप्या चकतीवर कर्करोगाचे रिपोर्ट झालेले मी बघितलेत. म्हणून महिनाभर एम्बेडिंग, म्हणजे तुकडा मेणात बसवणं, स्वतः करा. हात भाजेल, मेण साठ अंशांच्या आसपास वितळलेलं असतं.

आमचे जुने टेक्निशियन, आता निवृत्त झाले, मला म्हणायचे, "मॅडम, ऋतू बघून ब्लॉक कापायचा." मे महिन्यात ब्लॉक (तुकडा बसवलेले मेणाचे ठोकळे) मऊ पडतात, बर्फाच्या ट्रेवर ठेवल्याशिवाय चकत्यांची रिबन नीट येत नाही. जुलैत उलटा त्रास. हवेतलं पाणी ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये शिरतं, तिथून स्लाइड पारदर्शक करणाऱ्या झायलीनमध्ये, आणि झायलीन ताकासारखं पांढुरकं दिसायला लागतं. मग स्लाइड धुरकट. पावसाळ्यात बरण्यांची झाकणं घट्ट लावा आणि अल्कोहोल वेळेआधी बदला. हे कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत.

फॉर्मलिन, म्हणजे तुकडा टिकवायचं द्रव, तुकड्याच्या निदान दहापट हवं. बाटली तुकड्यासाठी असते, पण मी इंजेक्शनच्या झाकणात दोन थेंबांत बुडवून आलेले नमुनेही स्वीकारलेत, म्हणजे नाइलाजानं.

एक चूक मात्र इतक्या वेळा होते की वेगळी सांगते. पेम्फिगस, पेम्फिगॉइडसारख्या फोडांच्या आजारात दोन तुकडे लागतात. पहिला फोडाचा, तो फॉर्मलिनमध्ये. दुसरा फोडाच्या शेजारच्या वरवर चांगल्या कातडीचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे आजाराची प्रथिनं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी. हा दुसरा फॉर्मलिनमध्ये टाकला की संपलाच, त्यातल्या प्रथिनांचं चमकणं कायमचं गेलं. तो मिशेल माध्यमात, म्हणजे ही प्रथिनं टिकवणाऱ्या द्रवात, पाठवायचा. ते हाताशी नसेल तर साध्या सलाइनमध्ये, पण मग २४ तासांच्या आत लॅबमध्ये पोचवायचा. विरारहून निघालेली बाटली दादरला पोचेपर्यंत काय काय होऊ शकतं ते पावसाळ्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

बघायचं कसं

आधी निरोगी त्वचा. तळवा, टाळू, पापणी, पाठ, नडगी, प्रत्येकाची ठेवण निराळी. पाठीची डर्मिस (कातडीचा आतला थर) मुळातच जाड असते. ती कोणी स्क्लेरोडर्मा (कातडी जाड, कडक करणारा आजार) म्हणून दिली तर रागवू नका, आपणही एकदा दिलेली असते. एका खोक्यात अशा वीस-पंचवीस स्लाइड जमवा आणि तोंडपाठ होईपर्यंत बघा.

आजारी स्लाइड हातात आली की मायक्रोस्कोपखाली घालण्याआधी उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा. मग चारच्या, म्हणजे कमी मोठं पण सगळं एकत्र दाखवणाऱ्या, लेन्सवर थांबा, थांबा म्हणजे खरंच थांबा. दाह कुठे आहे? वरच्या थराला चिकटून पट्टीसारखा, रक्तवाहिन्यांभोवती, केसाच्या मुळांशी, की खाली चरबीत? डर्मपॅथ ही नक्षी ओळखण्याची विद्या आहे. लायकेन प्लेनस या खाजऱ्या आजाराची पट्टी, खाली करवतीच्या दातांसारखी टोकं. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये तळाच्या पेशी थडग्यांच्या रांगेसारख्या उभ्या राहिलेल्या. चाळीसच्या लेन्सवर धावणारे रेसिडेंट झाडाचं पान मोजतात आणि बाग कोणाची ते विसरतात.

फॉर्म आधी वाचायचा की स्लाइड आधी बघायची, यावर मतं दोन. मी आधी स्लाइड बघते, दोन-तीन शक्यता कागदावर खरडते, मग फॉर्म उलटा करते. दोन्ही जुळले नाहीत तर त्या केसवर सही त्या दिवशी होत नाही. नव्या चकत्या मागवते, फोन करते, फोटो मागते. काही आजार एका तुकड्यात कबूलच होत नाहीत. मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेचा लिम्फोमा वर्षानुवर्षं इसबासारखा वावरतो, पुन्हा पुन्हा बायोप्सी लागते. अशा वेळी "आत्ता सांगता येत नाही, तीन महिन्यांनी उपचार थांबवून परत तुकडा घ्या" असं लिहायला लाज वाटू देऊ नका.

एक दोनशेपानी वही करा. तीन रकाने: डॉक्टरांना काय वाटलं, मला काय दिसलं, पुढे काय झालं. तिसरा रकाना भरायला सहा महिन्यांनी फोन करावे लागतात. माझ्या अकरा वह्या आहेत आणि सगळ्यांत जास्त शिकवलं ते तिसऱ्या रकान्यातल्या लाल शाईनं.

एमडीनंतर

इथे मी पटपट जाते. देशात काही मोठ्या हॉस्पिटलांत आणि लॅबमध्ये काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंतच्या फेलोशिप मिळतात. नावापेक्षा दोन गोष्टी विचारा: दिवसाला त्वचेच्या किती केसेस येतात, आणि दोन तोंडांच्या मायक्रोस्कोपवर वरिष्ठ रोज शेजारी बसतात का. दुसऱ्याचं उत्तर 'वेळ मिळाला तर' असेल तर जाऊ नका. बाहेरचा शिक्का हवा असेल तर फ्रँकफर्टला डर्मपॅथची आंतरराष्ट्रीय परीक्षा होते, आपल्याकडून लोक जाऊन देतात. अमेरिकेत पॅथॉलॉजी आणि डर्मटॉलॉजीची बोर्डं मिळून १९७४ पासून हे प्रमाणपत्र देतात, पण त्यासाठी मान्यताप्राप्त रेसिडेन्सी आणि वर्षभराची फेलोशिप लागते. इथली एमडी दाखवून थेट फेलोशिप करता येईल आणि बोर्डाला बसता येईल, असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या.

पैशाचं खरं सांगते. बॅचमधल्या ज्या मुलीनं स्किन घेऊन अंधेरीला लेझर लावलं तिच्या गाडीशी तुलना करू नका. आमच्यातले बरेच जण सकाळी कॉलेजात किंवा हॉस्पिटलात, दुपारी लॅबमध्ये आणि मधे दोन-तीन त्वचारोगतज्ज्ञांच्या थेट येणाऱ्या केसेस, असं जमवतात. स्लाइड स्कॅन करून पडद्यावर बघणं सुरू झाल्यापासून इतर गावांतल्या केसेसही येतात, आणि डोंबिवलीच्या माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर मी नागपूरचा चट्टा बघितलाय. रात्री-अपरात्री उठावं लागत नाही, हा फायदा दोन मुलं वाढवताना मला पगाराइतकाच मोठा वाटला.

मान सांभाळा. आयपीस (मायक्रोस्कोपची डोळे लावायची नळी) डोळ्यांच्या उंचीला आणा, डोळे आयपीसच्या उंचीला नेऊ नका. खुर्चीवर जे काही खर्च कराल ते फिजिओथेरपीपेक्षा कमीच पडेल. मी हे पस्तिशीत केलं नाही आणि आता रोज सकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसते.

भाचीनं पॅथॉलॉजी घेतलं. परवा रात्री तिनं व्हॉट्सॲपवर एका स्लाइडचा फोटो पाठवला, चाळीसच्या लेन्सचा. खाली लिहिलं होतं, "मावशी, हे काय आहे?" मी विचारलं, "चारवर कसं दिसतं, कुठला भाग आहे, आणि पेशंट बघितलास का?" दोन निळ्या रेघा आल्या. सकाळी उत्तर आलं, "गुरुवारी जाते."